हॉवरक्राफ्टचं मॉडेल: खरेदीला निघण्याआधी

सगळ्यात आधी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा मिळवा, तोही घरच्यांना विचारून, कारण तो चार-पाच दिवस परत मिळणार नाही. मोटर, बॅटरी, वायरींचा गुंता, जे जे हाती येईल ते काट्यावर ठेवून वहीत आकडा लिहायचा. हॉवरक्राफ्ट तळाखाली कोंडलेल्या हवेच्या गादीवर तरंगतं. ४० बाय ३० सेंटिमीटरचा तळ आणि एकूण वजन अर्धा किलो धरलं, तर खालच्या हवेचा दाब साधारण ४० पास्कल पुरतो, म्हणजे जेमतेम चार मिलिमीटर पाण्याइतका. इतका दाब छोटा पंखाही देतो. खरी झुंज असते ती कडेने निसटणाऱ्या हवेशी. ख्रिस्तोफर कॉकरेल यांनी १९५०च्या दशकात या कल्पनेची पहिली चाचणी घेतली, तीही दोन रिकामे डबे, हवेचा ब्लोअर आणि स्वयंपाकघरातला तराजू एवढ्यावरच. १९५९ साली त्यांचं एसआर-एन१ हे हॉवरक्राफ्ट इंग्लिश खाडी ओलांडून गेलं तेव्हा त्याला लवचिक स्कर्टही, म्हणजे तळाभोवती हवा अडवणारी झालरही, नव्हता, तो नंतर आला. आपल्याला मात्र तो पहिल्या दिवसापासून हवा.

म्हणून निम्मा वेळ स्कर्टसाठी राखून ठेवा. कापड हलकं आणि हवा न सोडणारं हवं. फाटक्या रेनकोटचं किंवा छत्रीचं चालतं, सुती अजिबात नाही. तोंडाला लावून फुंकून पाहा, हवा आरपार आली तर बाद. आधी वर्तमानपत्रावर माप काढा आणि तळाचे कोपरे गोल ठेवा, नाहीतर तिथे चुण्या पडून हवा पळते. शिवण घातलीत तर सुईच्या भोकांवर टेप हवीच. नळीसारख्या फुगणाऱ्या स्कर्टला भोकं आतल्या बाजूने पाडायची, म्हणजे हवा तळाखाली जाते. सुरुवातीला कमीच पाडा, वाढवता येतात. मोटर बसवण्याआधी हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून स्कर्ट फुगवून बघा. एका बाजूला पोट सुटलं तर तेव्हाच उसवा.

तळासाठी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानातला सनबोर्ड (फोमचा हलका, कडक बोर्ड) घ्या. थर्माकोलला फेविक्विक किंवा स्प्रे पेंट लावाल तर तो डोळ्यांदेखत वितळेल. पांढरा फेविकॉल लावा आणि रात्रभर वाळू द्या. वायर, कनेक्टर, सोल्डर यांसाठी तपकीर गल्ली आहेच, फक्त गाडी लांब लावून चालत जा. उचलायला एक आणि ढकलायला एक अशा दोन ब्रशलेस मोटरी, त्यांचा वेग सांभाळणारे दोन ईएससी, सुकाणू वळवायला नऊ ग्रॅमचा सर्वो (छोटी मोटर), रिमोट-रिसीव्हर आणि तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हे आधीच मागवा, यायला वेळ लागतो. एकाच पंख्यावर उचलणं आणि ढकलणं दोन्ही भागवता येतं, पण पहिल्या मॉडेलला ती काटकसर नको. सुकाणू ढकलणाऱ्या पंख्याच्या झोतातच हवं.

लिपोचं चार्जिंग फरशीवर आणि डोळ्यांसमोर. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर थांबतो, आणि ३.३च्या खाली उतरवू नका. आधी रिमोट चालू करायचा, मग बॅटरी जोडायची. मोटरीची दिशा तपासताना पंखे काढून ठेवा. पाच इंची प्रोपेलर बोट चिरायला पुरतो, त्यामुळे पुढे जाळी आणि डोळ्यांवर चष्मा. मुलं असतील तर यावर चर्चा नाही.

बॅटरी चिकटवून टाकू नका, वेलक्रोवर ठेवा. सगळं बसवल्यावर तळाच्या मध्यबिंदूखाली पेन्सिल आडवी धरा, एकदा लांबीला, एकदा रुंदीला, आणि तोल साधेपर्यंत बॅटरी सरकवा.

चालवायला गुळगुळीत फरशीचा हॉल उत्तम. सोसायटीच्या पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या फटींतून हवा निसटते. नदीपात्राकडे वळूच नका, तिथली जलपर्णी स्कर्टला सोडत नाही. याला ब्रेक नसतो, वळताना ते आडवं घसरत जातं, त्यामुळे भिंतींच्या कडेला उशा लावा. सोबत टेप, कात्री आणि स्कर्टचं उरलेलं कापड असू द्या.