स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर घेताना भारी मॉडेल कधी कामाला येतं?

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. रेग्युलेटरचा सिलिंडरवर बसणारा भाग, म्हणजे फर्स्ट स्टेज, तो भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा ९ ते १० बार जास्त, एवढ्यावर आणते. या मधल्या दाबाला डायव्हर 'आयपी' म्हणतात. तिथून पुढे श्वासाजोगी हवा देण्याचं काम तोंडातली सेकंड स्टेज करते. तेव्हा दुकानदाराला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: सिलिंडर रिकामा होत आला की आयपी पडतो का?

अनबॅलन्स्ड पिस्टन प्रकारच्या फर्स्ट स्टेजमध्ये पडतो. ५० बारच्या खाली गेल्यावर श्वास जरा ओढून घ्यावा लागतो. बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये आयपी शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो.

आता हा फरक पाण्यात किती जाणवतो? मालवण-तारकर्लीच्या ८-१० मीटरच्या डाइव्हवर जवळजवळ नाहीच. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे हवाही चौपट दाट. त्यात प्रवाहाविरुद्ध पाय मारताय, सिलिंडर ६० बारवर आणि ऑक्टोपसवर (जादाच्या सेकंड स्टेजवर) जोडीदार. भारी रेग्युलेटरचे पैसे तिथे वसूल होतात. अंदमानात वरचेवर खोल जाणार असाल तर बॅलन्स्डच घ्या. ईएन २५० या युरोपीय मानकात ५० मीटरवर, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढताना श्वासाची मेहनत लिटरमागे ३ जूलच्या आत असावी लागते. चांगली मॉडेलं याच्या निम्म्याहूनही खाली असतात. त्यामुळे जाहिरातीतला ०.८ आणि १.० जूलमधला फरक फार मनावर घेऊ नये. सेकंड स्टेज नीट ट्यून केलेली नसेल तर भारी मॉडेलही जड चालतं.

थंड पाण्याची गोष्ट वेगळी. दाब उतरताना हवा गार पडते, बर्फ धरतो आणि रेग्युलेटर अडकून फ्री-फ्लो सुरू होतो, म्हणजे हवा न थांबता वाहत राहते. ब्रिटन-नॉर्वेत राहणाऱ्यांनी १० अंशांखाली चालणारं, सील केलेलं मॉडेलच घ्यावं. '>१०°' अशी खूण असलेलं नको. कोकणात बर्फाची भीती नाही, गाळाची आहे. उघड्या पिस्टनच्या स्प्रिंगभोवती गाळ आणि मीठ साचतं, म्हणून इथेही सीलबंद डायफ्रॅम प्रकारची फर्स्ट स्टेज सोयीची.

सिलिंडरची जोडणी डिन प्रकारची (व्हॉल्व्हमध्ये फिरवून बसवायची) घ्या आणि योकचा (व्हॉल्व्हवर चापासारखा आवळायचा) अडॅप्टर पिशवीत ठेवा. आपल्याकडच्या सेंटरवर बहुधा योकचे सिलिंडर मिळतात. सर्व्हिस किट आणि ते बसवणारा प्रशिक्षित माणूस जवळ नसेल, तर मॉडेल कितीही नावाजलेलं असो, सोडून द्या.

सेकंडहँड घेताना तीन चाचण्या. फर्स्ट स्टेजच्या तोंडावर डस्ट कॅप लावून, हवा न जोडता माउथपीसमधून श्वास ओढा. काहीच आत येता कामा नये. हवा आली तर माउथपीस फाटलंय, उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हखाली वाळू आहे, नाहीतर सेकंड स्टेजच्या डायफ्रॅमला (रबरी पडद्याला) चीर आहे. मग सिलिंडर जोडा आणि जॅकेट फुगवणाऱ्या इन्फ्लेटरच्या होजला आयपी गेज लावा. दोनदा पर्ज केल्यावर, म्हणजे सेकंड स्टेजवरचं बटण दाबून हवा सोडल्यावर, काटा खाली जाऊन परत येतो, आणि काही सेकंदांत एका जागी थांबायला हवा. पाच मिनिटं सावकाश वर सरकत राहिला तर फर्स्ट स्टेजच्या व्हॉल्व्हची सीट झिजलीय; पुढे सेकंड स्टेज फुसफुसणार. तिसरी बादलीतली: माउथपीस वर ठेवून सेकंड स्टेज हळूहळू बुडवा. डायफ्रॅम अडीच ते चार सेंटिमीटर पाण्याखाली गेला की हवा सुटावी. व्हेंचुरीची (हवेच्या झोताला मदत कमी-जास्त करणारी) कळ असेल तर ती आधी 'प्री-डाइव्ह'वर करा.

धुताना डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा. हवा जोडलेली नसताना पर्ज बटण दाबू नका; व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरचं डायव्हिंग बंद असतं तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यावी. सावलीत पूर्ण वाळवा, होज मोठ्या वेटोळ्यात ठेवा आणि सर्व्हिस पावसाळा संपता संपता करून घ्या. आधी केलीत तर नव्या ओ-रिंग चार महिने दमट हवेत नुसत्या पडून राहतात.