कारळ्याच्या आगरवर तपकिरी रंग येत नाही? या चुका टाळा

मेंदूज्वर घडवणारी यीस्ट प्रकारची बुरशी क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स प्रयोगशाळेत ओळखायला कारळ्याचं आगर, म्हणजे कारळ्याच्या अर्कापासून केलेलं वाढमाध्यम, हा अजूनही स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. संशोधक श्टाइब यांनी 1962 मध्ये तो सुचवला. कारळ्यातल्या कॅफिक आम्लासारख्या पदार्थांवर या यीस्टचं लॅकेस हे एन्झाइम काम करतं, मेलॅनिन तयार होऊन पेशीभित्तिकेत साठतं आणि कॉलनी तपकिरी होते. कँडिडा हे दुसरं यीस्ट त्याच प्लेटवर पांढरट राहते. सगळी चाचणी एवढ्या एका रंगावर उभी, म्हणून रंग बिघडवणारी प्रत्येक गोष्ट महत्त्वाची.

पहिली चूक बाजारातच होते. चिठ्ठीवर 'नायजर' लिहून माणूस पाठवला की तो कधी कधी कलौंजी घेऊन येतो, कारण तिचं नाव नायजेला. इंदूरच्या सियागंज बाजारात 'रामतिल' किंवा 'जगनी' म्हणून मागा. कारळे लांबट, चकचकीत काळे असतात. कलौंजी कोनदार, निस्तेज आणि उग्र वासाची. बी ताजं आणि कच्चं हवं, चटणीसाठी भाजलेलं नको.

एक लिटरला 50 ग्रॅम बी मिक्सरमध्ये बारीक दळा, डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा, मलमलीतून गाळा आणि पाणी पुन्हा लिटरभर करा. नळाचं नर्मदेचं पाणी पिण्यापुरतं ठेवा. त्यात ग्लुकोज 1 ग्रॅम, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 1 ग्रॅम, क्रिएटिनिन 1 ग्रॅम, आगर 15 ग्रॅम घाला. जिवाणू रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक 50 मिलिग्रॅम. ते उष्णता सोसतं, त्यामुळे ऑटोक्लेव्ह करण्याआधी घातलं तरी चालतं.

सगळ्यात जास्त घोळ ग्लुकोजचा. बुरशी वाढवायच्या नेहमीच्या तयार सबुरो आगरमध्ये कारळ्याचा अर्क ओतून काम भागवायचा मोह होतो. सबुरोत लिटरला 40 ग्रॅम साखर असते आणि भरपूर ग्लुकोज मिळालं की ही बुरशी लॅकेस बनवणं आवरतं घेते. कॉलनी जोमात वाढते, रंग मात्र फिका. वाढ चांगली म्हणजे माध्यम चांगलं, हा हिशोब इथे चालत नाही.

तापमानाचंही तसंच. 37 अंशांवर यीस्ट वाढतं, पण मेलॅनिन कमी बनतं. प्लेट 30 अंशांवर ठेवा. 'रूम टेम्परेचर' म्हणून टेबलावर ठेवण्यात इंदूरच्या मे महिन्यात अर्थ नाही, खोलीच 37 च्या वर गेलेली असते. खोलीपेक्षा थंडही ठेवू शकणारा बीओडी इनक्युबेटर वापरा. दुसऱ्या दिवशी रंग नाही म्हणून प्लेट फेकू नका; रोज बघा, सात दिवस थांबा. प्रत्येक नव्या बॅचसोबत एक खात्रीचा क्रिप्टोकॉकस आणि एक कँडिडा अल्बिकन्स लावाच. हे नसेल तर पांढऱ्या कॉलनीचा काहीच अर्थ लावता येत नाही.

तपकिरी दिसली म्हणून लगेच 'निओफॉर्मन्स' लिहू नका. त्याची जवळची जात क्रिप्टोकॉकस गॅटीही तपकिरीच होते. कॅनाव्हनिन-ग्लायसिन-ब्रोमोथायमॉल ब्लू आगर गॅटीमुळे निळं होतं, निओफॉर्मन्समुळे नाही.

औषधाच्या चाचणीत चूक वेगळी आहे. शरीरात मेलॅनिन हे या बुरशीचं चिलखत असतं: मॅक्रोफेज या संरक्षक पेशींनी सोडलेले ऑक्सिडंट ते शोषतं आणि अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे बुरशीविरोधी औषध बांधून ठेवतं. मेंदूत डोपामाइनसारखा कच्चा मालही तयार असतो. पण नेहमीच्या एमआयसी (वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा) चाचणीच्या आरपीएमआय या द्रव माध्यमात असा माल नसतो, त्यामुळे तिथे तपासल्या जातात त्या चिलखत नसलेल्या पेशी. कमी एमआयसी म्हणजे रुग्णात औषध तितक्याच झपाट्याने बुरशी मारेल, असं समजू नका. उलट बाजूने, गडद कॉलनी बघून 'रेझिस्टंट' असा शेराही मारू नका. फ्लुकोनॅझोल या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत मेलॅनिनने असा फरक पडलेला दिसत नाही.

जाता जाता, 2021 मध्ये 'काळी बुरशी' म्हणून गाजलेल्या म्युकरचा या मेलॅनिनशी संबंध नाही. तिचे तंतू रंगहीन असतात, काळं पडतं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं ऊतक. नमुन्यावर 'ब्लॅक फंगस' लिहून आला तरी आधी केओएच माउंट (पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली) बघा.