मागचा दिवा मंद होतोय? आधी अर्थिंग बघा

ब्रेक दाबला की आमच्या गाडीचा डावा मागचा दिवा मंद व्हायचा आणि त्याच बाजूचा इंडिकेटर हलकासा उजळायचा. नुसता बल्ब गेला असता तर तेवढाच दिवा बंद पडला असता. असे दिवे एकमेकांत मिसळले की संशय अर्थिंगवर घ्यावा. अर्थिंग म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट. ती खराब झाली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, डिकीतून नट काढले आणि अख्खा दिवा अलगद मागे ओढला. होल्डरमधली अर्थची पट्टी गंजून हिरवट झाली होती. रबरी गॅस्केट एका कोपऱ्यात चपटं पडलं होतं, पाणी तिथूनच शिरत होतं. पट्टी बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला. गॅस्केट नवंच घातलं. जुनं सिलिकॉनने चिकटवणं मला पटत नाही. पुढच्या वेळी दिवा काढताना तो तडकण्याची भीती असते.

बल्बची काच काळवंडली होती, म्हणून तोही बदलला. हा दोन फिलामेंटचा, ब्रेकसाठी २१ आणि नेहमीच्या मागच्या दिव्यासाठी ५ वॅटचा. याच्या पिना कमीजास्त उंचीवर असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. अडला तर फिरवून बघा, जोर नको! जोर करून उलटा बसवला तर रात्रभर ब्रेकचाच दिवा जळत राहतो आणि मागच्या ड्रायव्हरला आपण ब्रेक दाबल्याचं नीट कळत नाही.

तपासायला सोबत कुणी नसेल तर अंधारात गाडीची पाठ भिंतीकडे करा, ब्रेक दाबा आणि आरशातून भिंतीवरचा दोन्ही बाजूंचा उजेड ताडून बघा.