डीबगरमध्ये व्हॅल्यू दाखवताना या चुका टाळा

पायथॉनमध्ये क्लास लिहिला की नवी मुलं रेप्र मेथड (ऑब्जेक्ट मजकूर म्हणून कसा दिसेल ते ठरवणारी) एका ओळीत उरकतात: एफ-स्ट्रिंगमध्ये (जिच्यात व्हॅल्यू घालता येते अशा स्ट्रिंगमध्ये) नाव घातलं, काम झालं. ही घाई मला अजिबात पटत नाही. डीबगर, म्हणजे चालता कोड थांबवून आतल्या व्हॅल्यू दाखवणारं साधन, ऑब्जेक्ट दाखवताना हीच मेथड बोलावतो. तिथे स्ट्रिंग अवतरणचिन्हांशिवाय सोडली, तर शेवटची स्पेससुद्धा कळत नाही.

आम्ही गावांच्या दोन याद्या जुळवत होतो. 'कऱ्हाड' काही केल्या जुळेना. डीबगरमध्ये वर कऱ्हाड, खालीही कऱ्हाड, पण तुलना केली की फॉल्स. दोन दिवस गेले. स्पेस काढल्या, एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणं) केलं, घाईघाईत जागोजागी प्रिंट टाकले. शेवटी लांबी मोजली: एक ६, दुसरी ७. एकीकडे ऱ हे स्वतंत्र अक्षर होतं. दुसरीकडे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब दिसतात आणि एनएफसी त्यांना एक करत नाही.

खरं तर पायथॉनचा स्ट्रिंगसाठीचा रेप्र हा जॉइनर '२००डी' या कोडसकट उघडा करून दाखवतो. आमच्याच क्लासने तो झाकला होता, आणि प्रिंटही तेच करतो. आता एफ-स्ट्रिंगमध्ये नावापुढे उद्गारचिन्ह आणि आर लावल्याशिवाय मी कोड पुढे जाऊ देत नाही. दोन नावं जुळली नाहीत की आधी लांबी बघतो, मग बाकीचं.

दुसरी चूक म्हणजे व्हॅल्यू दाखवता दाखवता काम करून बसणं. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून आणायच्या नोंदींच्या ऑब्जेक्टवर) डीबगरमध्ये नुसती नजर टाकली तरी रेप्र डेटाबेसला क्वेरी मारतो आणि पहिल्या २१ नोंदी आणतो, त्यातल्या २० दाखवतो. फ्रेमवर्कने निदान मर्यादा घातली आहे. तुमच्या क्लासमध्ये ती कोण घालणार? रेप्रमध्ये नेटवर्क नको, फाइल नको, आणि ऑब्जेक्टमध्ये बदल तर नकोच.

दशांश संख्या गोल करून दाखवू नका. ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ आलं, तर तेच दिसू द्या.

लांब यादी कापली तर एकूण किती घटक आहेत ते लिहा. जीडीबी (सी, सी++ वगैरेंसाठीचा डीबगर) मुळात २०० घटकांवर थांबतो आणि तीन टिंबं टाकतो. ती टिंबं न पाहता 'डेटा हरवला' म्हणत माझ्याकडे आलेल्यांना मी आधी ती मर्यादा शून्य करायला सांगतो, म्हणजे यादी अखंड दिसते.