मराठवाड्यात वाईनची बाटली घेताय? या चुका टाळा

पाटीवर 'वाईन शॉप' असतं, पण आत व्हिस्की, रम आणि बिअरच्या रांगा. खऱ्या वाईनच्या वाट्याला कोपऱ्यातला एखादा कप्पा, तोही बहुतेक वेळा छताला टेकलेला. लातूर, परभणी, बीड, नांदेड, कुठेही जा, चित्र फारसं बदलत नाही. म्हणून इथे बाटली निवडताना ती आजवर कुठे ठेवली होती हे आधी बघावं. द्राक्षाची जात, देश आणि किंमत त्यानंतर.

उन्हानं भाजलेली बाटली उचलणं

वाईन 12 ते 15 अंश सेल्सिअसला सुखात राहते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात रात्री शटर पडलं की दुकानाची भट्टी होते. व्हिस्कीत 42.8 टक्के अल्कोहोल असतं, तिला याचं काही वाटत नाही. 12-14 टक्क्यांची वाईन मात्र काही आठवड्यांत उतरते. गरम झालेला द्रव फुगतो आणि बूच वर ढकलतो. रात्री थंडावा आला की त्याच फटीतून हवा आत शिरते. मग ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो.

हे दुकानातच ओळखता येतं. बाटलीच्या तोंडावरून बोट फिरवा. बूच काचेच्या कडेपेक्षा वर आलेलं जाणवलं तर ती परत ठेवा. फॉइलखाली चिकट ओघळ दिसला तरी तेच. मग बाटली उभी धरून मान उजेडात बघा: नव्या बाटलीत बूच आणि वाईन यांच्यात साधारण एक-दीड सेंटिमीटर जागा असते. बोटभर रिकामं दिसलं तर गळती झालेली आहे. पांढरी वाईन फिकट गवती रंगाऐवजी मधासारखी गडद झाली असेल आणि ती गोड प्रकारातली नसेल, तर तीही नको. पारदर्शक काचेची बाटली महिनोन् महिने खिडकीपाशी किंवा ट्यूबलाइटखाली उभी असेल तर उजेडानंही चव बिघडते.

रॅकवरची पुढची बाटली तशीच घेऊ नका. मागचं खोकं फोडून द्यायला सांगा, निदान खालच्या फळीवरची मागा. मे महिन्यात तर बिअरच्या फ्रीजमधली बाटली रॅकवरच्या बाटलीपेक्षा केव्हाही बरी. फ्रीजमध्ये वर्षभर पडून राहणं बुचाला चांगलं नाही, पण चार-सहा आठवड्यांनी काही बिघडत नाही. साठा करायचा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

जुनी म्हणजे चांगली असं धरून चालणं

हा गैरसमज रमवरून आला असावा. बाजारातली बहुतेक वाईन तरुणपणीच प्यायची असते: पांढरी आणि रोझे (गुलाबी) दोन वर्षांच्या आत, साधी लाल तीन-चार वर्षांत. लेबलवरचं साल द्राक्षं तोडल्याचं असतं. नाशिककडची किंवा अकलूजकडची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपातली ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकाच सालाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-आठ महिन्यांनी मोठी. चार वर्षांपूर्वीची सोव्हिन्यॉ ब्लाँ ही पांढरी वाईन सवलतीत मिळत असेल तर त्या सवलतीमागचं कारण बाटलीतच आहे. स्पार्कलिंगवर, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनवर, साल नसलं तर बिचकू नका. ती बरेचदा अनेक सालांच्या वाईनचं मिश्रण असते.

लेबलला आणि वजनाला भुलणं

जड बाटली आणि बुडाचा खोल खळगा हा काचेचा खर्च आहे, आतल्या मालाचा नव्हे. फिरवून उघडायचं झाकण हलक्या मालाचं लक्षण समजू नका. उलट आपल्या कोरड्या हवेत, उभ्या ठेवलेल्या बाटलीला तेच जास्त सोयीचं. उभ्या बाटलीचं बूच सुकतं आणि आक्रसतं. स्पेनच्या लाल 'रिझर्वा'ला किमान तीन वर्षं मुरवण्याचा आणि त्यातलं एक वर्ष लाकडात ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडच्या 'रिझर्व्ह'चा अर्थ कंपनीची वरची श्रेणी, इतकाच धरावा. स्पार्कलिंगमध्ये 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते. 'ड्राय' म्हणजे गोड नसलेली, असं धरून इथे बरेच जण फसतात. स्वस्त देशी 'पोर्ट' गोड असते आणि पोर्तुगालच्या पोर्टशी तिचं नावापुरतंच नातं.

काळ्या मसाल्याला तुरट लाल वाईन

तिखट जेवणासोबत भरपूर अल्कोहोलची, तुरट कॅबर्ने सोव्हिन्यॉ घेतली की तिखट दुप्पट लागतं आणि वाईन कडू. येसराची आमटी, काळ्या रश्श्याचं मटण असेल तर किंचित गोडसर पांढरी शेनिन ब्लाँ किंवा गार रोझे घ्या. नान-खलियासोबत लालच हवी असेल तर कमी तुरट, फळाळ शिराझ चालते. हुरड्याला मात्र थंडगार ब्रूट. लसणाच्या आणि शेंगदाण्याच्या चटणीतल्या तेलाला तिचा आंबटपणा छान कापतो.

दुकानातून घरी येईपर्यंत

निवड अचूक, आणि बाटली दुपारभर गाडीच्या डिक्कीत! उन्हात उभ्या गाडीत वाईनचा काढा होतो. खरेदी सगळ्यात शेवटी करा, बाटली ओल्या टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवा. घरी स्वयंपाकघर आणि फ्रीजचा माथा टाळून आतल्या खोलीत, जमिनीलगत, बुचाची असेल तर आडवी.

'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या 16-18 अंशांच्या खोलीचा. आपल्या 34 अंशांच्या खोलीतून ती थेट ओतली तर नुसता अल्कोहोल नाकात जातो. लाल दीड-दोन तास फ्रीजमध्ये ठेवा, पांढरी तीन-चार तास.

उघडल्यावर तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते द्राक्षातल्या आम्लाचे स्फटिक, निरुपद्रवी. ओल्या पोत्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचाचा. व्हिनेगरचा झणका आला तर हवा आत गेलेली. शेवटच्या दोन्हींत बाटली न संपवता, बूच परत लावून, बिलासकट त्याच दिवशी दुकानात न्या. बदलून मिळेलच असं नाही, पण निम्मी संपवलेली बाटली तर नक्कीच कोणी बदलून देत नाही.