मेच्या आधी धुराड्यांची तयारी

अमेरिकेत मॅरिलंड-व्हर्जिनियाकडे आवारात जुनी शेड असेल तर एप्रिलमध्येच कामाला लागा. अँथोफोरा अब्रप्टा ही एकटी राहणारी मधमाशी मेच्या मध्याला बाहेर येते, जूनअखेरपर्यंत तिचा कारभार आटोपतो, आणि वर्षात पिढी एकच. तिकडे तिला चिमणी-माशी म्हणतात. आपल्याला चिमणी म्हटलं की अंगणातली आठवते, म्हणून मी धुराडेवाली म्हणतो. बिळाच्या तोंडाशी मातीचं वाकडं धुराडं बांधते ती. घरात चिखलाची घरटी करणारी आपली कुंभारीण माशी वेगळी, ती गांधीलमाशीच्या गोतातली.

तिला घर करायला मातीचा ठोकळा द्यायचा, तर सगळं अडतं मातीपाशी. भाजलेली वीट आणि सिमेंट उपयोगाचे नाहीत, तिला खणता यायला हवं. रेताड मातीत धुराडं उभं राहत नाही. चांगली चिकणमाती मळून लाकडी खोक्यात ठासून भरा, ओली असतानाच बोटाने चार-सहा खळगे पाडा आणि ठोकळा सावलीत सावकाश वाळवा. घाई केलीत तर तडकेल. वाळल्यावर खिळ्याने ओरखडा काढून बघा: भुगा सांडला तर वाळू जास्त झाली, पुन्हा मळा. मग तो छपराखाली, पावसाचा शिंतोडा न येईल असा उभा ठेवा.

पाणी विसरू नका. मादी पोटात पाणी भरून आणते आणि त्याने कडक माती भिजवून पोखरते. पसरट थाळीत खडे टाकून जवळच ठेवा.

नर बघायचे असतील तर पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या. त्यांना काळ्या मिशा असतात आणि जंगली पार्सनिप या गाजराच्या कुळातल्या झाडाच्या पानांचा रस ते त्या मिशांत टिपून घेतात. त्याच झाडाचा चीक आपल्या कातडीला लागून वर ऊन पडलं की फोड येतात.

शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. बिळं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे पोळं उठल्यासारखं दिसतं, पण प्रत्येकीचं घर स्वतंत्र असतं आणि त्या सहसा डंख मारत नाहीत. कीटकनाशकवाल्याला फोन जाण्याआधी हे बोलणं व्हायला हवं.

जुलैत सगळं शांत झालं की ठोकळा रिकामा समजून फोडू नका. आतल्या अळ्या पुढच्या वसंतापर्यंत तिथेच असतात. मी पेन्सिलीने त्यावर साल लिहून ठेवतो.