तुषार संच नीट चालत नाही? तोटी खोलण्याआधी दाब मोजा

रब्बीत हरभरा, गहू किंवा भुईमुगावर तुषार संच लागला की तक्रारी ठरलेल्या असतात. एखादी तोटी (पाणी फवारणारं फिरतं तोंड) फिरायची थांबते, शेवटच्या दोन-तीन तोट्या नुसत्या गळतात, कपलरमधून (पाईपांच्या जोडातून) पाणी वाहतं, आणि रात्रभर पंप चालूनही सकाळी रानात सुके चट्टे दिसतात. पहिला हात जातो तो तोटीकडे. तोटी बदलली जाते, चट्टे तसेच राहतात. कारण दोष बहुतेक वेळा तोटीत नसतो, दाबात असतो.

इथे नेहमीचा संच धरला आहे: 75 मि.मी. एचडीपीईचे (टणक प्लास्टिकचे) 6 मीटर लांबीचे पाईप, कडीचे क्विक कपलर, पाऊण इंची रायझर (तोटी ज्यावर बसते तो उभा पाईप), दर दोन पाईपांना (12 मीटरवर) एक तोटी, आणि तोटीला 4.4 व 3.2 मि.मी. अशी दोन छिद्रं. अडीच किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो) दाबावर अशी एक तोटी सेकंदाला जवळपास अर्धा लिटर, म्हणजे तासाला साधारण 1,750 लिटर पाणी टाकते. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा आहे. तुमच्या तोटीची छिद्रं वेगळी असतील तर कंपनीच्या तक्त्यातला आकडा धरा.

गेज आणि बादली

0 ते 7 किलोचा एक प्रेशर गेज घ्या. एका रायझरवर तोटीच्या खाली पाऊण इंची टी बसवा आणि टीच्या आडव्या तोंडाला रिड्यूसर लावून गेज कसा. आट्यांना टेफ्लॉन टेप. हा एकच रायझर काढून लाईनवर कुठेही लावता येतो. पहिल्या तोटीवर, मधल्या तोटीवर आणि शेवटच्या तोटीवर दाब लिहून घ्या. पहिलीवर 2.5 असेल तर शेवटचीवर 2 च्या खाली जाता कामा नये. पंपाच्या डिलिव्हरीवर (पाणी बाहेर पडणाऱ्या पाईपावर) दुसरा गेज कायमचा असला तर उत्तमच.

गेज नसेल तर रंगाची 20 लिटरची रिकामी बादली काम भागवते. तोटीचा हात (धारेवर आपटून तोटी फिरवणारी पट्टी) सुतळीने बाजूला बांधा, दोन्ही छिद्रांवर नळीचे तुकडे चढवा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. 40 सेकंदांच्या आसपास भरली तर दाब अडीच किलो आहे. मिनिटभर लागत असेल तर दाब सव्वा किलोच्या जवळ आलाय. उलट गेज अडीच किलो दाखवतोय आणि बादली 35 सेकंदांतच भरते, तर छिद्र झिजलंय. ते ड्रिलच्या पात्याच्या गुळगुळीत दांड्याने तपासा: 4.4 च्या छिद्रात 4.8 चा दांडा जात असेल तर त्या छिद्रातून जवळपास पाचवा हिस्सा जास्त पाणी जातंय. एका लाईनवर अशा चार-पाच तोट्या झाल्या की पुढच्या तोट्यांना काही उरत नाही.

सगळ्याच तोट्या मंद असतील तर

आधी एक सोपी परीक्षा. पंप बंद करून एक आड एक तोटी काढा, त्या रायझरना बूच लावा आणि पुन्हा चालू करा. उरलेल्या तोट्या जोमाने फिरू लागल्या तर पंपाच्या ताकदीपेक्षा तोट्या जास्त लावल्या आहेत. दुरुस्ती काहीच नाही, तोट्या कमी करा.

हे पटायला जड जातं म्हणून हिशोबच बघा. विहिरीत पाणी 15 मीटर खोल, तोटीवर 25 मीटर हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) हवं (10 मीटर म्हणजे साधारण 1 किलो), पाईपातलं घर्षण आणि चढ मिळून 10 मीटर. झाले 50 मीटर. एवढ्या हेडला पाच एचपीचा पंप सेकंदाला साडेतीन ते चार लिटर देतो. म्हणजे तोट्या सात, फार तर आठ. त्याच पंपावर पंधरा तोट्या लावल्या तरी पंधराही फिरताना दिसतात, पण फेक तोकडी पडते. त्यातून जानेवारी-फेब्रुवारीत विहिरीची पातळी उतरली की नोव्हेंबरात चाललेल्या आठ तोट्याही जड होतात.

निम्म्या तोट्या काढूनही फरक पडला नाही, तर दोष पंपाकडे आहे किंवा पंप आणि लाईनच्या मध्ये आहे. डिलिव्हरीवरचा गेज चांगला दाब दाखवत असेल आणि लाईनवर दाब नसेल तर मध्ये कुठेतरी अडकलंय: व्हॉल्व्ह अर्धा बंद, फिल्टरची जाळी शेवाळाने भरलेली, नाहीतर पाईपात गाळ किंवा उंदराचं घरटं. उन्हाळाभर बांधावर पडलेल्या पाईपात हे सर्रास सापडतं. पाईप उचलण्याआधी काठीने ठोका, सापही असू शकतो.

पंपाजवळच दाब नसेल तर या क्रमाने बघा. डीपीवर किंवा केबलवर नुकतं काम झालंय का? थ्री-फेज मोटर उलटी फिरली तरी थोडं पाणी येतंच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. स्टार्टरचा मेन स्विच बंद करून तीनपैकी कोणत्याही दोन फेज अदलाबदल केल्या की पंप सुलटा फिरतो. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. मग व्होल्टेज. रात्री सगळ्या शिवाराचे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि दाबही पडतो. विहिरीवर मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसवलेला, मोटर जोडलेला पंप) असेल तर फूट व्हॉल्व्हची (पाण्यातल्या टोकाच्या झडपेची) जाळी आणि सक्शनचे (पाणी ओढणाऱ्या पाईपाचे) जोड तपासा. सक्शनला बारीकशी गळती असली की हवा ओढली जाते, तोटीतून पाणी थांबून-थांबून फुर्र-फुर्र करत येतं. हे सगळं ठीक असेल तर इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चक्र) झिजलाय, पंप उघडावा लागेल.

फक्त शेवटच्या तोट्या मंद असतील तर

इथे पाईपाचा व्यास बोलतो. सेकंदाला 5 लिटर पाणी 200 मीटर न्यायचं असेल तर 63 मि.मी. पाईपात जवळपास 1 किलो दाब नुसत्या घर्षणात जातो. 75 मध्ये त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून 63 आणि 75 चे पाईप मिसळून असतील तर 75 चे विहिरीकडे ठेवा आणि 63 चे शेवटी. बऱ्याच रानांत उलटं दिसतं, कारण नवे जाड पाईप जिथे काम चालू आहे तिथे टाकले जातात. शेत चढाचं असेल तर मुख्य लाईन चढाने न्या आणि तोट्यांच्या लाईनी समपातळीत आडव्या टाका.

शेवटचं बूच काढून लाईन धुवायचं मात्र विसरू नका. पाईप जोडल्यावर तोट्या बसवण्याआधी बूच उघडं ठेवून पंप चालवा, पाणी निवळेपर्यंत. दोन-चार मिनिटांच्या या कामाने निम्म्या तोट्या तुंबायच्या वाचतात.

एकच तोटी फिरत नसेल तर

आता तोटी खोला. पंप बंद करूनच.

शेजारच्या तोट्या चांगल्या आणि हीच बंद, तर छिद्रात खडा किंवा गोगलगाईचं शंखलं असतं. तार किंवा खिळा घालू नका. पितळेचं छिद्र ओरखडलं की धार फाटते आणि फेक कायमची कमी होते. खराट्याची काडी किंवा लाकडी दातकोरणं वापरा, मागच्या बाजूने फुंकर मारा. लहान 3.2 चं छिद्र तुंबलं तर तोटी फिरत राहते, पण तिच्या बुडाशी सुकं कडं राहतं, कारण जवळचं पाणी तेच छिद्र टाकतं.

छिद्रं साफ असूनही फिरत नसेल तर बोटाने हात बाजूला ओढून सोडा. तो चटकन परत येऊन तोटीच्या अंगावर आपटला पाहिजे. रेंगाळत येत असेल तर स्प्रिंग गंजली आहे किंवा ढिली झाली आहे. स्प्रिंग ताणून घट्ट करू नका, बदला. हाताच्या टोकाचा चमचा धारेत नेमका शिरतो का तेही बघा. तोटी खांद्यावरून पडली की हात वाकतो, मग धार चमच्याला चुकवून निघून जाते.

नंतर तोटी मानेपाशी हाताने फिरवा. करकर लागली तर बेअरिंगमध्ये रेती आहे. तोटी उलटी धरून, मान दाबत-सोडत स्वच्छ पाण्यात हलवली की बरीचशी रेती निघते. मानेतून पाणी गळत असेल तर आतले नायलॉनचे वायसर झिजलेत. ते काढताना क्रमाचा फोटो काढून ठेवा, उलटसुलट बसले तर तोटी आवळून बसते. आणि तेल किंवा ग्रीस अजिबात नको. ही तोटी पाण्यावरच फिरायला बनवलेली आहे, ग्रीसला रेती चिकटते आणि ती वायसर खाते.

चांगली तोटी साधारण एक ते दीड मिनिटात एक फेरा मारते. अर्धा फेरा पटकन आणि अर्धा हळू होत असेल तर दोष तोटीत नाही, रायझर कललेला आहे. फूट बॅटन (रायझरखालचा आधार) जमिनीवर सपाट बसवा, ओल्या काळ्या मातीत दगड किंवा फळीचा तुकडा खाली द्या.

जोड गळत असतील तर

पंप सुरू होताना कपलर थोडा गळणारच. आतली रबर रिंग दाब आल्यावर फुगून बसते. दाब आल्यावरही गळत असेल तर कडी सोडा, रिंग काढा, खाच बोटाने पुसा. बहुतेक वेळा खाचेत मातीचा कण असतो. रिंगेचा ओठ पाण्याच्या दाबाकडे, कपलरच्या आतल्या बाजूला असायला हवा. उलटी बसवली तर दाबाने गळती वाढते. चढवताना साबणाचं पाणी लावा, डिझेल किंवा ऑईल लावलं तर रबर फुगून सैल होतं. 63 ची रिंग ताणून 75 ला बसवण्याचा उद्योग रात्रभरही टिकत नाही.

फुटलेल्या एचडीपीई पाईपाला एम-सील, सॉल्व्हेंट, फेविक्विक काहीच धरत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी ओढून गुंडाळली तर तेवढी रात्र निघेल. खरी दुरुस्ती म्हणजे फुटलेला भाग काटकोनात कापून गरम प्लेटवर जोडणं. प्लेट 200 ते 220 अंश, दोन्ही टोकं वितळून कडेला गोल किनार आली की प्लेट काढून लगेच दाबायची आणि पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचं नाही. असा पाईप अर्धा-एक मीटर आखूड होतो. तो मुख्य लाईनीत घाला, तोट्यांच्या लाईनीत घातला तर 12 मीटरचं अंतर बिघडतं.

तोट्या फिरतात, तरी चट्टे पडतात

चांगल्या दाबावर या तोटीची फेक 13-14 मीटर असते, म्हणजे एकीची धार शेजारच्या तोटीच्या बुडापर्यंत पोचते. तशी पोचलीच पाहिजे, कारण प्रत्येक तोटी कडेला कमी पाणी टाकते आणि ती कमी शेजारची भरून काढते. पाईप हलवण्याचे कष्ट वाचावेत म्हणून दोनऐवजी तीन पाईपांवर तोटी लावली, किंवा लाईन 12 ऐवजी 18 मीटरवर सरकवली, की मधला पट्टा कोरडा पडणारच. दाब कमी असेल तर 12 मीटरवरही तसंच होतं: पाणी जाड थेंबांचं एक कडं करून पडतं. हे जाड थेंब माती थापतात, उगवत्या भुईमुगावर खपली धरते. दाब फार जास्त असला की उलट धुकं होतं आणि वाऱ्यावर उडून जातं. वारा असेल तेव्हा पहाटेची किंवा रात्रीची पाळी घ्या.

मोजून बघायचं तर चार तोट्यांच्या मधल्या चौकोनात एकसारखे सरळ कडांचे 16 डबे ठेवा. बाहेरची रांग तोट्यांपासून दीड मीटर आत, मग डब्या-डब्यात 3 मीटर. चौकोनाच्या दोन्ही बाजूंच्या लाईनी एकदम चालवा. लाईन एकच असेल तर पहिल्या जागी एक तास, मग सरकवून दुसऱ्या जागी एक तास, डबे न हलवता. पट्टीने प्रत्येक डब्यातलं पाणी मोजा. सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी काढा आणि तिला सोळांच्या सरासरीने भागा. उत्तर 0.75 च्या वर असेल तर संच ठीक आहे. खाली असेल तर आधी दाब, मग अंतर, मग रायझरचा कल, मग छिद्रांची झीज या क्रमाने परत फिरा.

अडीच किलो दाब आणि 12 बाय 12 वर ही तोटी तासाला 12 मि.मी. पाणी टाकते. भारी काळी जमीन सुरुवातीला भेगांतून ते सहज पिते, भेगा मिटल्या की पाणी वर साचू लागतं. साचायला लागलं तेव्हाच लाईन सरकवा, घड्याळात तीन तास व्हायची वाट बघू नका. हरभऱ्याला साचलेलं पाणी चालत नाही, पीक पिवळं पडतं. अशा रानात कायमचा उपाय हवा असेल तर लहान छिद्रांच्या तोट्या लावा, पण लावायच्या तर सगळ्या लाईनीला एकाच मापाच्या.